हेल्मेटवरचा कॅमेरा: मिरवायला की शिकायला?

झाशीला माझी मावशी राहते, खंडेराव गेटच्या आतल्या एका गल्लीत. झाशीच्या जुन्या तटबंदीला जे दरवाजे आहेत, त्यांतला हा एक. महाराष्ट्रातून गेलेल्या पाहुण्याला दरवाजाचं नाव ऐकूनच आपल्या माणसांत आल्यासारखं वाटतं. मागच्या दिवाळीनंतर एका रात्री मावशीचा फोन आला.

"अगं, तुझ्या भावाने हेल्मेटला चिकटवायचा कॅमेरा आणलाय. गाडीच्या शर्यतीचं शूटिंग करायचं म्हणतो. इतकी वर्षं हेल्मेट घाल म्हणून मी मागे लागायचे, तेव्हा ऐकलं नाही. आता कॅमेऱ्यासाठी स्वतःहून नवं हेल्मेट घेऊन आलाय. मी खूश व्हायचं की काळजी करायची, ते तू सांग. मोबाइलच्या मासिकात लिहितेस ना?"

भाऊ बावीस वर्षांचा आहे. लायसन्स आहे, नोकरीही नुकतीच लागली आहे. त्याला 'नाही' म्हणून गप्प बसवता येणार नव्हतं आणि डोळे झाकून 'हो' म्हणणंही बरोबर नव्हतं. म्हणून मी शोधाशोध केली. जे कळलं ते आधी मावशीला सांगितलं आणि आता तुम्हाला सांगते. कारण असा एखादा भाऊ, मुलगा, भाची किंवा शेजारचा दादा तुमच्याही घरात असेलच. कदाचित तो तुम्ही स्वतःच असाल.

चालकाच्या डोळ्यांनी शर्यत

आधी हे समजून घेऊ, की हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचं एवढं वेड का? मैदानाबाहेरून शर्यत बघताना गाडी 'झूम' करून निघून जाते. आत बसलेल्या माणसाला काय दिसतं, हात किती चालतात, वळण किती वेगाने अंगावर येतं, हे बाहेरून कळत नाही. कॅमेरा डोक्यावर असला, की चालक जिकडे बघतो तिकडेच तोही बघतो.

ही कल्पना नवी नाही. १९६६ साली मोनॅकोत विख्यात रेसर जॅकी स्टुअर्ट यांनी हेल्मेटवर चक्क निकॉनचा फोटोचा कॅमेरा बसवून घेतला होता. त्याचं छायाचित्र आजही बघायला मिळतं. एवढा मोठा कॅमेरा डोक्यावर घेऊन माणूस गाडीत बसलाय, हे बघून हसूही येतं आणि मान दुखल्यासारखंही वाटतं. १९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या शर्यतीत टीव्हीवाल्यांनी धावत्या गाडीच्या आतून थेट प्रक्षेपण केलं. चालक गाडी चालवता चालवता प्रेक्षकांशी बोलत होता. १९८५ साली जर्मन ग्रांप्रीमध्ये फॉर्म्युला वनची एक गाडी कॅमेरा घेऊन शर्यतीत उतरली.

पुढे मुठीत मावणारे ॲक्शन कॅमेरे बाजारात आले आणि जे काम टीव्ही कंपन्यांचं होतं, ते हौशी लोकांच्या हातात आलं. आज तुमच्या फोनवर 'ऑनबोर्ड' असं शोधलंत, तर घरची हॅचबॅक घेऊन ट्रॅकवर गेलेल्या साध्या माणसांचे असंख्य व्हिडिओ सापडतील.

आणि आता तर फॉर्म्युला वननेही हेल्मेटमधला कॅमेरा सक्तीचा केला आहे. २०२३ च्या हंगामापासून प्रत्येक चालकाच्या हेल्मेटमध्ये तो असतो. भावाने मावशीला हेच सांगितलं होतं. "आई, तिथे तर कंपल्सरी आहे!"

त्याचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. उरलेला अर्धा भाग महत्त्वाचा आहे.

दीडशे ग्रॅमचं गणित

फॉर्म्युला वनमधला तो कॅमेरा हेल्मेटच्या बाहेर चिकटवलेला नसतो. तो आतल्या अस्तरात, डोळ्याच्या बाजूला बसवलेला असतो. वजन जेमतेम दीड ग्रॅम. हेल्मेट बनवतानाच त्याचा विचार केलेला असतो आणि कॅमेऱ्यासकट त्याची चाचणी होते.

आपण दुकानातून आणतो त्या ॲक्शन कॅमेऱ्याचं वजन साधारण दीडशे ग्रॅम असतं. वर पट्टी, स्क्रू, चिकटपट्टी वेगळी. दीडशे ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण गाडी भिंतीवर जोरात आदळते तेव्हा क्षणभर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या चाळीसपट जोर येऊ शकतो. त्या क्षणी दीडशे ग्रॅमचा कॅमेरा सहा किलोंसारखा मानेला ओढतो. आतला दीड ग्रॅमचा कॅमेरा त्याच धडकेत साठ ग्रॅमचा होतो. दोन्हींना 'हेल्मेट कॅमेरा' हेच नाव आहे, पण फरक शंभरपट आहे.

वजन हा एक भाग झाला. दुसरा भाग आकाराचा. हेल्मेट बाहेरून गुळगुळीत आणि गोल असतं ते दिसायला छान म्हणून नव्हे. डोकं कुठे आपटलं तर ते घसरून जावं, अडकू नये, यासाठी ते तसं असतं. डोकं अडकून झटक्याने फिरलं, तर मेंदूला होणारी इजा जास्त गंभीर असू शकते. वर किंवा बाजूला कॅमेरा उभा असला, की तो दारावर, गाडीच्या लोखंडी पिंजऱ्यावर किंवा रस्त्यावर अडकू शकतो. शिवाय आघाताचा सगळा जोर त्या एका छोट्या जागेवर येतो.

तिसरा भाग तर आपल्या लक्षातच येत नाही. काही गोंदांतली आणि स्वच्छ करायच्या द्रवांतली रसायनं हेल्मेटच्या प्लास्टिकच्या कवचाला कमजोर करतात. बाहेरून काही दिसत नाही. आणि स्क्रू बसवण्यासाठी कुणी हेल्मेटला भोक पाडलं असेल, तर ते हेल्मेट संपलंच म्हणून समजा.

२०१३ च्या डिसेंबरमध्ये मायकल शूमाकर फ्रान्समध्ये बर्फावर स्कीइंग करताना पडले, तेव्हा त्यांच्या हेल्मेटवर असाच कॅमेरा होता. त्यातलं चित्रण तपास अधिकाऱ्यांनी बारकाईने पाहिलं. काय घडलं ते समजून घ्यायला त्याचा उपयोग झाला. पण कॅमेऱ्यामुळेच इजा वाढली का, हा प्रश्नही तेव्हापासून लोक विचारत आले आहेत. शर्यतीच्या ट्रॅकवर सात वेळा जगज्जेता ठरलेल्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न उठतो, तर आपण तो विचारायलाच हवा.

कायदा आणि नियम काय सांगतात?

रस्त्यावरची गोष्ट आधी बघू. ऑगस्ट २०२२ मध्ये केरळच्या मोटार वाहन विभागाने हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्या दुचाकीस्वारांना थेट इशारा दिला. लायसन्स निलंबित करण्यापर्यंत कारवाई होऊ शकते, असं सांगितलं. कारण तेच: हेल्मेटच्या रचनेत बदल झाला, तर ते ज्यासाठी आहे ते काम करेलच याची खात्री राहत नाही.

आणि रस्त्यावर शर्यत लावणं हा तर सरळ गुन्हा आहे, कॅमेरा असो वा नसो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावली किंवा वेगाची चाचणी घेतली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा सापडलात तर कैद एक वर्षापर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत. गाडी चालवणारा अल्पवयीन असेल, तर कलम १९९अ नुसार पालकांना किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. 'मुलाने आमचं ऐकलं नाही' एवढं सांगून सुटका होत नाही. आणि हेल्मेटवरचा व्हिडिओ हाच तुमच्या विरोधातला पुरावा ठरू शकतो.

ट्रॅकवर काय? भारतात मोटार शर्यतींचं नियमन 'फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया', म्हणजे एफएमएससीआय ही संस्था करते. शर्यतीत उतरायचं तर तिचं लायसन्स लागतं. प्रत्येक स्पर्धेआधी गाडी, हेल्मेट, पट्टे तपासणारे अधिकारी असतात. जगभरातल्या अनेक संघटना हौशी चालकांना हेल्मेटच्या बाहेर काहीही चिकटवू देत नाहीत. गाडीत कॅमेरा चालतो, पण तोही तपासूनच. त्यामुळे आधी आयोजकांना विचारायचं आणि मगच कॅमेरा लावायचा, हा क्रम कधी बदलू नका.

झाशीहून ट्रॅककडे जाणारा रस्ता

भावाचं पुढचं म्हणणं असं: "ताई, झाशीत कुठे ट्रॅक आहे? मग आम्ही करायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. खंडेराव गेटपाशी संध्याकाळी ई-रिक्षा, हातगाड्या आणि शाळेतून सुटलेल्या मुलांमधून स्कूटर काढणं हीच एक शर्यत असते. मग मुलं मोकळा हायवे शोधतात.

झाशीहून ग्वाल्हेर, तिथून आग्रा आणि आग्र्याहून यमुना एक्स्प्रेसवेने ग्रेटर नोएडा. या १६५ किलोमीटरच्या एक्स्प्रेसवेवर कारसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. मे २०२३ मध्ये याच रस्त्यावर, अलीगढ जिल्ह्याच्या हद्दीत, देहरादूनच्या एका तरुण यूट्यूबरचा मोटारसायकल अपघातात मृत्यू झाला. आपल्या चॅनलसाठी ताशी ३०० चा वेग गाठायचा त्याचा प्रयत्न होता. तो आग्र्याहून दिल्लीकडे निघाला होता. अपघातात त्याच्या हेल्मेटचे तुकडे झाले. पंचविशीही न ओलांडलेला मुलगा, आणि घरी त्याची वाट बघणारे आईवडील.

मनाला लागते ती पुढची गोष्ट. याच रस्त्याच्या ग्रेटर नोएडाकडच्या टोकाला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे. पाच किलोमीटरहून थोडा मोठा ट्रॅक, सोळा वळणं. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं इथे फॉर्म्युला वनची इंडियन ग्रांप्री झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. सप्टेंबर २०२३ मध्ये इथेच मोटोजीपीची शर्यतही झाली. वेगासाठी बांधलेली जागा, जिथे समोरून ट्रॅक्टर येत नाही, रस्त्यात गाय बसलेली नसते आणि अँब्युलन्स आधीपासून उभी असते, ती त्याच रस्त्यावर पुढे होती.

महाराष्ट्रातल्या वाचकांना तर आणखी जवळचे पर्याय आहेत. कोल्हापूरच्या मोहितेंच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक यांच्यासारखे रेसर याच कोल्हापूरचे. नाशिकच्या परिसरात 'रॅली ऑफ महाराष्ट्र' रंगली आहे. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक रॅलीपासून डाकार क्लासिकपर्यंत पोहोचले. गंभीरपणे शिकायचं असेल, तर कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ही देशातली जुनी, नावाजलेली ठिकाणं आहेत. नवख्यांसाठी वेगळ्या गटांच्या शर्यतीही होतात.

आणि अगदी पहिली पायरी हवी असेल तर ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानात रबरी शंकू मांडून वळणावळणाची वाट केलेली असते. एका वेळी एकच गाडी धावते, लढत घड्याळाशी असते. वेग फार नसतो, पण गाडीवरचा ताबा खरा कळतो.

मावशी, काका आणि मी, आम्ही तिघांनी भावाशी करार केला: हायवेवर शूटिंग नाही. त्या बदल्यात दिल्लीकडच्या एका क्लबच्या ऑटोक्रॉसला काकांची जुनी हॅचबॅक मिळेल.

काकांनी काढलेली पॉलिसी

काकांनी गाडी द्यायच्या आदल्या दिवशी विम्याची पॉलिसी काढून वाचली. ही गोष्ट आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विम्यात वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. संघटित शर्यत, वेगाची चाचणी अशा वापरासाठी विमा लागू नसतो. म्हणजे मैदानात गाडी ठोकली, तर खर्च आपला. काकांनी भावाला समोर बसवून सांगितलं, "बंपर गेला तर तुझ्या पगारातून." त्या एका वाक्याने त्याचा वेग जितका कमी झाला असेल, तितका आम्हा दोघींच्या सांगण्याने झाला नसता. तुम्हीही निघण्याआधी आपली पॉलिसी वाचा.

मग कॅमेरा लावायचा कुठे?

मैदानावर तपासणाऱ्या अधिकाऱ्याने हेल्मेटवरची चिकटपट्टी पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. भावाचा चेहरा पडला. मग त्यांनीच दाखवलं, कॅमेरा दोन्ही सीटच्या मध्ये, थोडा मागे बसव. समोरची काच, स्टिअरिंग आणि चालकाचं डोकं, तिन्ही एकाच चौकटीत येतात.

तुम्हीही हे लक्षात ठेवा:

• शर्यतीच्या गाडीत लोखंडी पिंजरा म्हणजे रोल केज असेल, तर धातूच्या क्लॅम्पने कॅमेरा त्याच्या मागच्या नळीला बांधा. चालकाचं डोकं पोहोचेल अशा जागी नको.

• घरच्या गाडीत शेजारच्या सीटच्या हेडरेस्टच्या दांड्यांना क्लॅम्प बसतो. कॅमेरा चालकापासून लांब राहील असं बघा.

• काचेला चिकटणाऱ्या रबरी वाटीवर एकटीवर विसंबू नका. धूळ आणि ऊन यांमुळे ती सुटते. लावायच्या आधी काच ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा.

• कुठेही लावलात तरी दुसरी दोरी हवीच. क्लॅम्प सुटला तर कॅमेरा दोरीला लटकेल, कुणाच्या तोंडावर जाणार नाही. ताशी १०० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीत सुटलेला कॅमेरा म्हणजे बाराव्या-तेराव्या मजल्यावरून पडलेला कॅमेरा.

• चालकाच्या नजरेसमोर, एअरबॅगच्या जागेवर आणि पेडलजवळ काहीही लावू नका.

• कॅमेरा सुरू करायचा तो गाडी उभी असताना. धावत्या गाडीत बटण शोधायचं नाही.

हेल्मेटबद्दलही एक गोष्ट. दुचाकीचं आयएसआय हेल्मेट आणि कार शर्यतीचं हेल्मेट एक नाही. कार शर्यतीच्या हेल्मेटला आगीपासूनही वाचवावं लागतं, त्यामुळे त्यावर 'स्नेल एसए' किंवा 'एफआयए'चा शिक्का असतो. कोणत्या स्पर्धेला कोणतं चालेल, ते आयोजक सांगतात. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, वरून कितीही नवं दिसलं, तरी पुन्हा वापरू नका.

चित्रण चांगलं यावं म्हणून

• रिझोल्यूशनच्या मागे लागू नका. शिकण्यासाठी १०८०पी आणि सेकंदाला ६० फ्रेम पुरे. ताशी १०० च्या वेगाला सेकंदाला ३० फ्रेम घेतल्या, तर दोन चित्रांमध्ये गाडी जवळजवळ एक मीटर पुढे जाते. ६० ला तेच अंतर अर्धं होतं.

• ४के घेतलंत तर जागा लागते. सेकंदाला १०० मेगाबिटच्या दराने वीस मिनिटांचं चित्रण १५ जीबी होतं. मेमरी कार्ड वेगवान घ्या, 'व्ही३०' असं लिहिलेलं.

• कॅमेरा गाडीला घट्ट बांधला असेल, तर स्टॅबिलायझेशन बंद करून बघा. नाहीतर बाहेरचा रस्ता स्थिर आणि गाडीचा डॅशबोर्ड डुलतोय, असं विचित्र चित्र येतं.

• वाइड अँगलमध्ये समोरची वस्तू आहे त्यापेक्षा लांब दिसते. म्हणून व्हिडिओ बघून अंतराचा अंदाज बांधू नका.

• बुंदेलखंडातला मे महिना आठवा. बंद गाडीत उन्हात ठेवलेला कॅमेरा तापून आपोआप बंद पडतो. फेरी येईपर्यंत तो सावलीत ठेवा, ओल्या कपड्यात गुंडाळू नका.

• वेग आणि वेळ व्हिडिओवर हवी असेल, तर रेसक्रोनोसारखी ॲप आहेत. पण फोनचा जीपीएस बहुतेक वेळा सेकंदाला एकदाच जागा नोंदवतो. ताशी १०० ला एका सेकंदात गाडी सुमारे २८ मीटर जाते. म्हणजे अख्खं वळण दोन नोंदींच्या मध्ये निघून जाऊ शकतं. जास्त वेगाने नोंदणारा वेगळा जीपीएस मिळतो. सुरुवातीला त्याची गरज नाही.

व्हिडिओ बघायचा कसा?

खरं काम घरी आल्यावर सुरू होतं. बहुतेक जण व्हिडिओ घेतात, सगळ्यात भारी वीस सेकंद कापतात, गाणं लावतात आणि टाकून देतात. ज्यातून शिकायचं ते उरलेलं सगळं डिलीट होतं.

रॅलीतले चालक आणि नेव्हिगेटर स्पर्धेआधी वाट बघायला जातात, तेव्हा कॅमेरा घेऊन जातात. रात्री तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघून प्रत्येक वळणाच्या टिपा पक्क्या करतात. हौशी माणसालाही हे जमतं. तुमच्या सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट फेरीचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावा आणि एका वेळी एकच गोष्ट बघा. ब्रेक कुठे दाबला? दोन्ही हात स्टिअरिंगवर होते का? वळणाच्या आतल्या टोकाला गाडी किती जवळ गेली? वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग सरळ करायच्या आधीच ॲक्सिलरेटर दाबला का? आणि डोकं कधी वळलं?

हा शेवटचा प्रश्न आम्हाला मावशीने दिला.

झाशीला परतल्यावर भावाने व्हिडिओ टीव्हीवर लावला. त्याच्या चौथ्या फेरीत दोन शंकू उडाले होते आणि तो गाडीच्या टायरला दोष देत होता. मावशी भाजी निवडत होती. दोनदा बघितल्यावर म्हणाली, "अरे, तुझं डोकं वळणात शिरल्यावर वळतंय. आधी का नाही बघत? मी आपल्या गल्लीत स्कूटर वळवायच्या आधीच बघते, समोरून कोण येतंय ते."

आम्ही व्हिडिओ मागे घेतला. अगदी खरं होतं. भाऊ पुढच्या वळणाकडे बघतच नव्हता. तो बंपरपुढच्या शंकूकडे बघत होता आणि म्हणूनच त्यावर जाऊन आदळत होता. ट्रॅकवरचे प्रशिक्षक नवख्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात: नजर जिथे, गाडी तिथे. मावशीने कधी ट्रॅक पाहिलेला नाही. पण वीस वर्षं खंडेराव गेटच्या गर्दीतून स्कूटर चालवली आहे.

आणि गंमत बघा. कॅमेरा हेल्मेटवर असता, तर हे इतकं स्पष्ट दिसलं नसतं. रस्ता दिसला असता, पण डोकं कधी वळतंय, हे मागच्या कॅमेऱ्यामुळेच दिसलं.

पोस्ट करण्याआधी

व्हिडिओ टाकायला हरकत नाही. मेहनत केली आहे, तर कौतुकही हवंच. फक्त काही गोष्टी बघा. दुसऱ्याच्या गाडीची नंबर प्लेट, मैदानावरची लहान मुलं, कुणाचा अपघात, हे विचारल्याशिवाय टाकू नका. अपघाताचं चित्रण असेल, तर आधी आयोजकांना दाखवा. चूक कुणाची, हे कमेंटमध्ये नाही, तिथे ठरतं. आणि हा बंद मैदानावरचा, परवानगी घेतलेला कार्यक्रम आहे, हे व्हिडिओच्या सुरुवातीलाच लिहा. तुमचा व्हिडिओ बघणारा एखादा चौदा वर्षांचा मुलगा उद्या बाबांच्या गाडीची किल्ली उचलू शकतो.

आईबाबांनाही एक विनंती. घरात कॅमेरा आला, की लगेच आरडाओरडा करू नका. "कुठे जाणार आहेस, आयोजक कोण, हेल्मेट कोणतं, कॅमेरा कुठे लावणार?" हे चार प्रश्न शांतपणे विचारा. ज्याच्याकडे चारही उत्तरं आहेत, त्याच्याबरोबर जमलं तर एकदा जा. आणि ज्याला रिकाम्या हायवेचं नाव सांगावं लागतंय, त्याची किल्ली खुशाल काढून घ्या.

तरुण वाचकांनो, तुमच्यासाठी एकच प्रश्न पुरे आहे. आज कॅमेरा घरी विसरला असता, तर मी याच वेगाने गाडी चालवली असती का? उत्तर 'नाही' असेल, तर गाडी तुम्ही चालवत नाही, कॅमेरा चालवतोय.

भाऊ परत ऑटोक्रॉसला जाणार आहे. हेल्मेटवरची चिकटपट्टी निघता निघेना, म्हणून त्याने ते हेल्मेट बाजूला ठेवून दुसरं घेतलं, यावेळी आयोजकांना विचारून. मावशी म्हणते, या खेपेला मीही येते, कुणीतरी वळणं बघायला हवं.